कुरवांच्या थव्यातली मोकळी जागा

१

हिवाळ्यात माझा दिवस चादरीपासून सुरू होतो. घराच्या मागच्या भिंतीवर एक पांढरी चादर टांगलेली असते आणि तिच्यासमोर बल्ब. दिवेलागणीला बल्ब लावायचा आणि जेवून झोपायचं. पहाटे साडेपाचला उठून चादरीवर कुठले कुठले पतंग बसलेत ते वहीत लिहायचं. कोतवाल आणि साळुंक्या येऊन खायच्या आत हे उरकावं लागतं. मग चहा. मग दुर्बीण आणि तिचा स्टँड खांद्यावर टाकून किनाऱ्यावर. कालावलची खाडी समुद्राला मिळते त्याच्या अलीकडे वाळूचा एक लांब दांडा आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्यावर कुरव हे समुद्रपक्षी बसतात. उत्तरेकडून येतात, दीड-दोन हजार. ते मोजायचे.

मी कुडाळला कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. लग्न केलं नाही. नोकरी संपल्यावर इथे आईच्या वाट्याच्या जमिनीत दोन खोल्या बांधल्या. चौदा हिवाळे हे मोजणं चाललं होतं, पण एकट्याने नाही. अस्लम असायचा. मालवण बंदरावर त्याचा बर्फाचा धंदा. फजरची नमाज झाली की मोटारसायकल काढून यायचा, नऊला परत. तो मोजायचा, मी लिहायचो. पुस्तकात न सापडणाऱ्या पतंगांना नावं त्यानेच दिली. एकाचं नाव सरपंच, एकाचं चुन्याची डबी. वह्यांमध्ये आजही तीच नावं आहेत.

गेल्या जूनमध्ये तो गेला. दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. मी दफनाला होतो. मूठभर माती टाकली. डोळ्यांत पाणी आलं नाही. घरी येऊन भात टाकला, जेवलो. पुढच्या चार महिन्यांतही आलं नाही. त्याच्या नावाचं माझ्याजवळ एकच काहीतरी उरलं होतं. सगळा थवा मोजून झाला की अस्लम एकूण आकडा मोठ्याने सांगायचा. नोव्हेंबरपासून मी एकटाच मोजू लागलो तेव्हा त्या ठिकाणी रोज क्षणभर पेन थांबायचं आणि छातीत काहीतरी अडकायचं. बस, तेवढंच.

तीन डिसेंबरला थव्याच्या मधोमध मला मोकळी जागा दिसली.

जागा गोल होती, नीट कंपासने काढल्यासारखी. कुरव माणसापासून साधारण चाळीस पावलं लांब राहतात. थव्यात माणूस जाऊन उभा राहिला तर त्याच्याभोवती जेवढी जागा रिकामी होईल तेवढीच ती होती. मात्र आत कोणी नव्हतं.

मेलेला मासा असेल, जाळ्याचा तुकडा असेल, काच चमकत असेल असं वाटलं. मी चालत गेलो. थवा उठला, माझ्या डोक्यावरून वळला. जागेवर काहीच नव्हतं. ओली वाळू, खेकड्यांची भोकं. भोकं सगळी बुजलेली होती, एवढंच. मी तिथे पाचेक मिनिटं उभा राहिलो. पाय घोट्यांपर्यंत बधीर झाले. डिसेंबरची पहाट आणि ओली वाळू, होणारच. परत येऊन दुर्बिणीतून पाहिलं तर थवा पुन्हा बसला होता आणि ती जागा पुन्हा मोकळी होती.

त्या दिवशी आकडा लिहिताना पेन थांबलं नाही. छातीत काही अडकलं नाही. मला वाटलं, सुटलो एकदाचा.

२

मग ती जागा रोज दिसू लागली. मी वहीच्या मागच्या पानावर दांड्याचा नकाशा काढून रोज तिथे खूण करत गेलो. पहिल्या दिवशी ती दांड्याच्या टोकाला होती. आठवड्याने अर्ध्यावर आली. मी भरती-ओहोटीचं कोष्टक लावून पाहिलं, जुळलं नाही. वाळूखाली काही तेलबील असेल म्हणून काठीने उकरलं. वाळूच निघाली.

बारा तारखेला पाहिलं की ती चालते.

मी स्टँड उचलून किनाऱ्याने निघालो होतो. सहज वळून पाहिलं तर थव्यातली मोकळी जागा माझ्याबरोबर सरकत होती. पुढचे कुरव उठून बाजूला होत होते, मागचे चालत येऊन जागा भरत होते. मी थांबलो, ती थांबली. मी दहा पावलं टाकली, तीही तेवढीच सरकली. समुद्राच्या बाजूने. अस्लम नेहमी त्याच बाजूने चालायचा, पाय भिजवत.

मला भीती वाटायला हवी होती. आनंदही वाटू शकला असता. मी फक्त किती वाजले ते पाहिलं आणि लिहून ठेवलं.

त्याच सुमारास रापणवाल्या बाबलीने एक गोष्ट माझ्या लक्षात आणून दिली. बाबली आणि त्याची माणसं सकाळी किनाऱ्यावरून जाळं ओढतात, त्यामुळे त्याची माझी रोजची भेट. जाळं आवरता आवरता तो म्हणाला, "पाखरां आता तुमका भियत नाय, गुरुभाऊ. घरचीच समजतत."

खरंच होतं. थव्याच्या कडेचे छोटे चिखल्या पक्षी माझ्या चपलांमधून पळत होते. एक कुरव स्टँडच्या पायाशी उभा राहून पंख साफ करत होता. चौदा वर्षांच्या सवयीने त्यांनी मला ओळखलं, असं मी मनाशी धरलं. थोडा अभिमानही वाटला असावा. मात्र ते आधीच्या चौदा हिवाळ्यांत का झालं नाही, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही.

३

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात इल्मा आली. अस्लमची मुलगी, एकवीस वर्षांची. बी.एस्सी. होऊन घरीच होती. पहाटे सहाला स्कूटी दारात लावून उभी राहिली. डोक्यावरून ओढणी, गळ्यात बापाचा मफलर. म्हणाली की अब्बाचं काम अर्धवट आहे, ते ती करणार. आईला विचारलंस का, असं मी विचारलं. आईला आवडलेलं नाही, असं तिने सरळ सांगितलं.

तिला मोजणी येत होती. लहानपणी अस्लम तिला रविवारी आणायचा. तिने दुर्बिणीला डोळा लावला, डावीकडून सुरुवात केली आणि मध्येच थांबली. मी काही विचारलं नाही, कारण ती कुठे थांबली ते मला माहीत होतं.

"काका," ती म्हणाली, "ह्या कधीपासून आसा?"

मी तारीख सांगितली. नकाशा दाखवला. समुद्राच्या बाजूने चालण्याचंही सांगितलं. ते सांगायला नको होतं. ती वाळूत खाली बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडली. मी शेजारी उभा होतो. तिच्या रडण्याकडे पाहताना मला असं झालं की समोर एखादं यंत्र चालू आहे आणि ते कशासाठी असतं ते मला कधीतरी माहीत होतं.

थव्यातली मोकळी जागा त्या वेळी आमच्या अगदी समोर आली होती. इल्मा रडत होती तोवर ती हलली नाही.

४

त्यानंतर इल्मा रोज येऊ लागली. आधी चादरीवरचे पतंग, मग चहा, मग किनारा. तिचं अक्षर चांगलं होतं, म्हणून आता मी मोजायचो आणि ती लिहायची.

अठ्ठावीस डिसेंबरला चादरीवरही तेच दिसलं.

चादर पतंगांनी भरली होती, इतकी की त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच आम्हाला सगळे लिहायला पान पुरलं नाही. पण डावीकडे एक पट्टा कोरा होता. दोन वितींचा, जमिनीपासून सरळ वर. पट्ट्याच्या दोन्ही कडांना पतंग एकमेकांवर चढून बसले होते. आत एकही नाही. पट्टा चादरीच्या वरच्या टोकाशी संपत नव्हता. वर भिंतीवरही पतंग बसले होते आणि तिथेही तो तसाच पुढे गेला होता, थेट छपराच्या कडेपर्यंत.

पाल असेल. कौलांमधून वाऱ्याचा झोत येत असेल. मी इल्माला तसंच सांगितलं. ती गेल्यावर मेणबत्ती लावून धरली. ज्योत हलली नाही. दुसऱ्या दिवशी चादर काढून उजव्या भिंतीवर लावली. पहाटे पट्टा तिथेही होता.

मी टेप आणली. साडेसात फूट.

अस्लम पाच फूट दोन इंच होता. माझ्या खांद्याला लागायचा. ती टेप हातात घेऊन मी ओसरीवर बसलो आणि विचार केला. चौदा वर्षांचा मित्र परत येऊन माझ्याबरोबर चालतो आहे असं मी इतके दिवस मनात धरून होतो, निदान नाकारत नव्हतो. तो अस्लम नव्हता. कधीच नव्हता. हे कळल्यावरही माझ्या आत काही हललं नाही. मी टेप गुंडाळून ठेवली.

दोन दिवसांनी इल्मा तिचा मफलर विसरून गेली. चादरीशेजारी एक प्लास्टिकची खुर्ची असते, तिच्या पाठीवर तो राहिला. पहाटे मी बल्बजवळ गेलो तेव्हा पट्टा सरळ नव्हता. भिंतीवरून वर जाऊन तो मध्येच वळला होता आणि खाली आला होता, हुकासारखा, खुर्चीच्या पाठीपर्यंत. एखादा उंच माणूस वाकून काहीतरी हुंगत असेल तर त्याची पाठ जशी दिसेल तसा.

इल्मा यायच्या आत मी सगळे पतंग झटकून टाकले. चादरीवर काही आलं नाही, असं तिला सांगितलं.

५

सलमाभाबींचा फोन जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आला. त्या मला भावजी म्हणतात. इल्मा जेवत नाही, म्हणाल्या. अजानच्या आधी उठून बसते, किनाऱ्यावर जायची वाट बघते. विचारलं तर अब्बा भेटतात म्हणते. भाबी स्वतःही रडत होत्या. म्हणाल्या, माझं दुःख मी कसंतरी घेऊन चालते आहे, पण हे माझ्याच्याने होणार नाही.

"तुमी तिका एकदा सांगा, थंय कोण नाय म्हणान. ती माझा ऐकणा नाय. तुमचा ऐकतली."

मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी इल्माला थोडंच सांगितलं. टेपची गोष्ट सांगितली. "अस्लम माझ्या खांद्याक लागत होतो," मी म्हणालो. "ह्या माझ्या डोक्याच्या वर जाता."

तिने वही मिटली. तिचे डोळे आत गेले होते.

"मेल्यावर माणूस केवढो होता," ती म्हणाली, "ता तुमका ठावक आसा?"

मला ठाऊक नव्हतं. मफलरचं मात्र ठाऊक होतं. ते मी सांगितलं असतं तर कदाचित ती घाबरली असती, आली नसती. मी सांगितलं नाही. का, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. ती आली की कोणीतरी आकडे लिहून घ्यायचं, मला डोळा दुर्बिणीवरून काढावा लागायचा नाही, चहा दोन कप व्हायचा. याहून मोठं कारण सापडत नाही.

६

चौदा जानेवारीला, सकाळी साडेसातच्या सुमारास, तिने चपला काढून हातात घेतल्या. म्हणाली, मी जाऊन बघते. मी थांब म्हणालो नाही.

ती थव्याकडे चालत गेली. कुरव तिच्यापुढून उठत गेले, चाळीस पावलांवरून, जसे कुठल्याही माणसापुढून उठतात. तिच्याभोवती एक मोकळा गोल तयार झाला आणि पुढे सरकत गेला. दुसरा गोल आपल्या जागी होता. दोन थेंब एकमेकांत मिसळावेत तसे ते मिसळले. इल्मा मधोमध पोचली आणि उभी राहिली.

मी दुर्बिणीतून पाहत होतो. आता थवा उडून जाईल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. कडेचे कुरव आत यायला लागले. उडत नव्हते, चालत येत होते. सगळ्या बाजूंनी, घाई न करता. गोल लहान होत गेला. ते तिच्या पायांपर्यंत आले. एकाने तिच्या घोट्याशी उभं राहून डोकं खाजवलं. एक तिच्या पावलावरून चालत गेला. तिच्या हातातल्या चपला खाली पडल्या तरी एकही पक्षी दचकला नाही.

वारा जमिनीकडून होता. तिच्या ओढणीचं टोक समुद्राकडे उडायला हवं होतं. ते तिच्या डोक्यावर सरळ वर उभं राहिलं होतं, ताणलेलं.

मी दुर्बीण हळूहळू वर केली. मागे समुद्राची रेघ होती आणि तिच्यावरून एक ट्रॉलर दक्षिणेला चालला होता. तिच्या डोक्याच्या वर, थोड्या जागेत, ती रेघ नव्हती. ट्रॉलर त्या जागेशी आला आणि पुढून नाहीसा होत गेला. मी दुसऱ्या बाजूला त्याची वाट पाहिली. तो आला नाही. आणि ती रेघ नसलेली जागा वरून खाली येत होती, इल्माच्या डोक्याकडे, सावकाश, वाकल्यासारखी.

मी डोळा काढला.

नुसत्या डोळ्यांनी काही दिसत नव्हतं. कुरवांच्या गर्दीत एक मुलगी उभी होती. अंतर तीनशे पावलांचं. वारा माझ्या पाठीमागून होता, हाक मारली असती तर तिला नक्की ऐकू गेली असती. माझा आवाजही बसलेला नव्हता. मी उरलेला थवा मोजला. एक हजार आठशे सेहेचाळीस. लिहिलं.

वीसेक मिनिटांनी ती परत आली, अनवाणी. कुरवांच्या मधून चालत आली आणि एकही उठला नाही. तिचा चेहरा शांत होता, धुऊन वाळत घातलेल्या कापडासारखा.

"थंय कोण नाय, काका," ती म्हणाली.

मग तिने माझ्या हातातली वही घेतली, आकडा पाहिला आणि बेरीज बरोबर आहे म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती यायची बंद झाली. थव्यातली मोकळी जागाही त्या दिवसापासून दिसली नाही. चादरीवर पतंग या टोकापासून त्या टोकापर्यंत बसू लागले. एकदा मी थव्याच्या मधून आरपार चालून पाहिलं. जाताना उठले नाहीत, येताना उठले नाहीत. एकाला तर मी पायाने बाजूला केलं.

७

फेब्रुवारीच्या सुरुवातीला भाबींनी बोलावलं म्हणून मालवणला गेलो. बंदरामागे त्यांचं घर आहे, पुढे पडवी. दिवे लागायची वेळ होती. पडवीतली ट्यूब नुकतीच लावली होती आणि तिच्यामागच्या भिंतीवर किडे, पतंग, सगळं बारीकसारीक जमायला लागलं होतं.

भाबी समाधानी होत्या. इल्मा जेवते, वेळेवर झोपते, कुडाळला एमआयडीसीत नोकरी बघते आहे. किनाऱ्याचं नावही काढत नाही. "तुमी तिका सांगितलास म्हणान झाला," भाबी म्हणाल्या. "तुमचे उपकार आसत."

मी मान हलवली.

इल्मा बाकावर माझ्या शेजारी बसली होती. तिच्या हातावर पाच-सहा डास बसले होते, पिऊन तट्ट फुगलेले. ती त्यांना हाकलत नव्हती. भाबी आत चहा करत होत्या. इल्माने माझ्याकडे न बघता हळूच विचारलं, "काका, तुमका पण आता काय वाटत नाय ना?"

"नाय," मी म्हणालो.

तिने मान डोलावली. एवढंच आमचं बोलणं झालं.

भाबी चहाचे कप घेऊन आल्या. भिंतीला टेकलेल्या खुर्चीत बसल्या आणि अस्लमविषयी बोलू लागल्या. अजून सकाळी मोटारसायकलचा आवाज आला की उठून दार उघडते, म्हणाल्या. त्याचा बर्फ वाहायचा कोट अजून खुंटीला आहे, धुतला नाही, वास जाईल म्हणून. लोक सांगतात आठ महिने झाले, आता सावर. कसं सावरायचं? बोलता बोलता त्या रडायला लागल्या. पदराने डोळे पुसायच्या आणि पुन्हा बोलायच्या.

तेव्हा मी भिंतीकडे पाहिलं. त्यांच्या खुर्चीमागे एक पट्टा कोरा होता, दोन वितींचा. दोन्ही बाजूंना किडे एकमेकांवर चढून बसले होते. पट्टा भिंतीवरून वर गेला होता, वाशांना लागला होता आणि तिथून पुढे वळून उतरत्या छपराच्या आतल्या अंगाने भाबींच्या डोक्यावर आला होता.

इल्माही तिकडेच बघत होती. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मग कप पुढे सरकवला.

"घेवा," ती म्हणाली. "थंड होता."

मला उठून भाबींचा हात धरून त्यांना आत न्यायचं होतं. म्हणजे तसं करायला हवं हे मला कळत होतं. मी तोंड उघडलंही.

"काय, भावजी?" भाबींनी विचारलं.

"काय नाय."

मी कप उचलला. भाबी पुढे सांगू लागल्या. लग्न झालं त्या वर्षी अस्लमने त्यांना कुरव दाखवायला नेलं होतं. दुर्बीणही नव्हती तेव्हा, नुसतेच वाळूत बसून राहिले. तो म्हणाला होता की...

त्या तिथेच थांबल्या. कप हातात तसाच होता. ट्यूबवरचा एक पतंग खाली आला आणि त्यांच्या ओल्या गालावर बसला. त्यांनी तो उडवला नाही.

"काय म्हणालेलो तो?" मी विचारलं.

भाबींनी थोडा वेळ आठवल्यासारखं केलं. मग त्यांनी चहाचा घोट घेतला आणि साखर पुरेशी आहे का ते मला विचारलं.